भेंडीचं फूल आणि पुठ्ठ्याचं पुस्तक

भेंडी आडवी कापली की आत पाच पाकळ्यांचं फूल असतं. रोज भाजी चिरणाऱ्या आपल्याला ते दिसतं आणि दिसतही नाही. बालवाडीत एकदा साडेतीन वर्षांच्या एका मुलाच्या हातात मी भेंडीचा देठाकडचा तुकडा दिला. ताटलीत ओल्या फडक्यावर लाल रंग पसरलेला होता. त्यानं देठाला धरून तुकडा रंगावर टेकवला, कागदावर दाबला आणि उचलला. कागदावर फूल. मग त्यानं तुकडा उलटा करून त्याचा तळ पाहिला. परत कागद, परत तळ. तासाभरात त्यानं चारच ठसे उमटवले. शेजारच्या मुलीनं तेवढ्या वेळात दोन कागद भरून टाकले. दोघांचंही काम मला सारखंच मोलाचं वाटलं.

हस्तकाम आणि चित्रपुस्तक यांना आपण दोन वेगळे तास देतो. मला ती एकाच कामाची दोन टोकं वाटतात. हातातली भेंडी वेगळी, कागदावरची खूण वेगळी, तरी ती खूण भेंडीचीच आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. पुस्तकातल्या चित्राला ‘मांजर’ म्हणताना मूल हेच करत असतं, आणि पुढे अक्षर वाचतानाही हेच करायचं असतं.

आधी हात

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात आणि पुढे वर्षानुवर्षं एकेक करून कडक होत जातात. शेवटच्या हाडाचं कडक होणं साधारण नऊ ते बारा या वयात सुरू होतं. तीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीत ‘अ’ गिरवायला बसवलं की त्याची बोटं का दुखतात, ते यावरून समजावं. हे वय मुठीत खडू धरायचं आहे. आधी नुसत्या गिरगोट्या येतात. मग एक दिवस रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल तयार होतो. साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास त्या गोलाला डोळे फुटतात आणि डोक्यालाच थेट पाय येतात. पोट नसलेला हा माणूस जगभरची मुलं काढतात. तो दुरुस्त करायला जाऊ नये. पोट आपोआप येतं.

बोटांत बळ येतं ते कागद फाडून, कणीक मळून, मणी ओवून, चिमटीत रांगोळी धरून. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडायला द्या. उभ्या सरळ फाटतात, आडव्या वेड्यावाकड्या. मुलांना हा फरक बोटांनी कळतो. कात्री नंतर द्यावी, आणि तीही बोथट टोकाची. सुरुवातीला एका कापात तुटेल एवढीच अरुंद पट्टी हातात द्यावी.

महागाचं सामान लागत नाही

ही गोष्ट महाराष्ट्रानं फार आधी करून दाखवली आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं, माँटेसोरींची पद्धत त्यांना नीट माहीत होती. त्या पद्धतीची साधनं सुबक, मोजूनमापून केलेली आणि महाग. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बोर्डी-कोसबाडला त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे, माती यांतूनच साधनं उभी केली. मुलं वाडीतून शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे असं खरोखरचं अंगण आहे. आज ऑनलाइन मागवलेल्या, आधीच कापलेल्या तुकड्यांच्या हस्तकलेच्या पेट्या घरोघरी दिसतात. त्यांत मुलाला करायला उरतं काय? चिकटवणं. आणि शेवटी सगळ्यांची फुलपाखरं एकसारखी. कोसबाडची ती साधनं मला म्हणूनच आजही पुढची वाटतात.

स्वयंपाकघरात काय काय मिळतं ते पाहा. अर्ध्या कापलेल्या कांद्याच्या ठशात वर्तुळात वर्तुळं उमटतात. कारल्याची कड दातेरी येते. बटाट्यावर मोठ्यांनी सुरीनं आकार कोरून द्यावा. एक वाटी कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळला की खेळायची कणीक तयार. मिठामुळे ती टिकते, पण त्याच मिठामुळे ती खाण्याजोगी नसते, एवढं लक्षात असू द्यावं. रंगासाठी बीटाचा रस किंवा हळद. हळदीच्या पाण्यात मुलासमोर चिमूटभर खायचा सोडा टाका. पिवळं पाणी डोळ्यांदेखत तांबूस होतं. ‘परत कर’ ही फर्माइश दहा वेळा येईल, तेवढी हळद काढून ठेवा. रंगपंचमीचे पावडरचे रंग मात्र या कामाला आणू नयेत.

खळ

विकतच्या डिंकापेक्षा मला खळ आवडते, कारण ती मुलांसमोर शिजते. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा. मग मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरं पाणी हळूहळू दाट होतं आणि त्याला चकाकी आली की उतरवायचं. गॅसजवळ मोठ्यांनी थांबावं, कालवायचं काम मुलांना द्यावं. गार झाल्यावर बोटानं लावायची. जुन्या बाइंडरांच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद असायचं. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत नको. फ्रीजमध्ये ही खळ दोन-तीन दिवस राहते, वास आला की टाकून द्यावी.

कोणत्या बिया नकोत

इथे मी कडक आहे. गुंजा दिसायला इतक्या सुंदर की चिकटकामासाठी हात आधी त्यांच्याकडेच जातो. पण लालभडक अंगावर काळा ठिपका असलेली ही बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाची बीही तशीच. या दोन्ही घरात नकोत, शाळेतही नकोत. चिंचोके, शेवग्याच्या बिया, सीताफळाच्या बिया ठसे-चिकटकामाला आपण सहज वापरतो. त्यांत सीताफळाची बी डोळ्याला घातक, तिची पूड तर मुळीच नको. चिंचोका निरुपद्रवी खरा, पण नाकात जातो, घशात अडकतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती कुठलीच बी देऊ नये. त्यांच्यासाठी पिंपळपानं, कापडाचे तुकडे, मोठी बुचं.

कागद फाडून, भोकं पाडून झालेली दोन पुस्तकं

लिओ लिओनी हे व्यवसायानं आरेखनकार. नातवंडांना घेऊन ते रेल्वेनं निघाले होते आणि मुलं कंटाळली होती. हाताशी ‘लाइफ’ साप्ताहिकाचा अंक होता. त्याच्या पानांतून त्यांनी निळे-पिवळे तुकडे फाडले आणि त्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. निळा आणि पिवळा मित्र, मिठी मारतात आणि हिरवे होतात. १९५९ मध्ये तेच पुस्तक होऊन आलं. त्यात एकाही पात्राला नाक-डोळे नाहीत, तरी तीन वर्षांच्या मुलाला कोण आई, कोण बाबा, कोण घाबरलंय हे बरोबर कळतं.

एरिक कार्ल एकदा छिद्रं पाडायच्या यंत्रानं कागदांच्या चवडीला भोकं पाडत बसले होते. भोकांकडे बघता बघता त्यांना पुस्तक पोखरणारा किडा सुचला. संपादिकेच्या सूचनेवरून त्या किड्याचा सुरवंट झाला. १९६९ च्या त्या पुस्तकात सुरवंट फळं खात जातो आणि पानापानांत खरोखरची भोकं पडतात. मूल त्या भोकात बोट घालतं. चित्रंही रंगवलेला पातळ कागद कापून चिकटवलेली आहेत.

ही दोन्ही पुस्तकं मराठी घरांत असावीत असा माझा आग्रह नाही. हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की आपल्या मुलांनी फाडलेल्या तुकड्यांकडे पाहताना ही माणसं आठवावीत. मराठीत माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहे. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. घरातल्या माणसांची ओळख राधा करून देते, आणि ती माणसं आपल्याच घरातली वाटतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आई-बाबांना त्याचा फार आधार आहे. शक्य असेल तर पानं छापून घ्यावीत. या वयाला पान उलटायला मिळायला हवं.

वाचून दाखवताना

मांडीवर बसवून, पुस्तक मुलाच्या हातात देऊन. पान तेच उलटेल. दोन पानं एकदम उलटली तर उलटू द्यावीत. मजकुराआधी चित्र पाहू द्यावं. मोठी माणसं डाव्या कोपऱ्यातला मजकूर शोधतात, आणि मुलाला उजव्या कोपऱ्यात पलंगाखाली दडलेलं मांजर आधीच सापडलेलं असतं. आपण थांबून ‘कुठे गं?’ म्हणावं. ‘हा कोणता रंग? किती फुगे?’ असली परीक्षा घेऊ नये, गोष्ट मरते. एकच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचावं. एकविसाव्यांदा ते मूल पुस्तक समोर धरून आपल्याच सुरात ‘वाचायला’ लागतं. बऱ्याचदा पुस्तक उलटं असतं.

घरचं पुस्तक

जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. जाड, मागून कोऱ्या, एकाच मापाच्या पाच-सहा निवडा. कडा बोचत असतील तर कातरून गोल करा. डाव्या बाजूला दोन भोकं पाडून लोकरीचा धागा ओवा. गाठ सैल ठेवायची, नाहीतर पान उलटत नाही. झालं पुस्तक. भोकातून धागा ओवायचं काम मुलाचं. टोकाला सेलोटेप गुंडाळली की ते ताठ राहतं.

आत काय? मुलाचा दिवस. एका पानावर भेंडीच्या ठशांचं झाड, एकावर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, एकावर त्यानं फाडलेला लाल कागद. ‘हे काय आहे?’ असं विचारू नये, ‘मला सांग ना याच्याबद्दल’ म्हणावं. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत पानाखाली लिहावं. एकीनं लाल तुकड्याखाली मला लिहायला लावलं होतं : ‘ही बस आहे. ती गेली.’ मी ‘बस कुठे गेली?’ विचारलं. तिनं धाग्याला धरून पान उलटलं. पुढच्या पानावर काहीच नव्हतं. ते तिनं मुद्दाम कोरं ठेवलं होतं.

फाटलं तर

पुस्तक फाटणारच. वापरातलं पुस्तक फाटतं, आणि कपाटात वर ठेवलेलं कोरं पुस्तक मुलाच्या काही उपयोगाचं नाही. सेलोटेप लावू नये, वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडून सुटते आणि अक्षरं घेऊन येते. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी फाडायची, कापायची नाही. फाटलेली कड कागदात मिसळून जाते. तिला पातळ खळ लावून ती फाटलेल्या जागी बसवायची, आणि पुस्तक मिटण्याआधी दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पानं एकमेकांना चिकटत नाहीत. वर पाटा किंवा डिक्शनरी, रात्रभर. पट्टी फाडायचं आणि खळ लावायचं काम ज्यानं पान फाडलं त्याच्याकडेच द्यावं, शिक्षा म्हणून नव्हे, त्याला ते येतं म्हणून. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, ते मूल पाटा उचलायला धावतं.