विश्लेषण : मुंबईच्या वेशीवरही सरकारी रुग्णालयांत डॉक्टर का टिकत नाहीत?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. सरकारने चौकशी समिती नेमली. अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत दाखल झाल्याचे प्रशासनाने सांगितले. मग त्याआधी, घराजवळच्या केंद्रात त्यांना तपासायला कोण होते, हा प्रश्न उरतोच.

भार कळव्यावरच का?

५०० खाटांचे हे रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे; पण भिवंडी, शहापूर, मुरबाड आणि पालघरचे रुग्णही येथे येतात. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांतूनही गुंतागुंतीचे रुग्ण कळव्याला किंवा मुंबईला पाठवले जातात. इमारत आणि यंत्रे असली, तरी रात्रपाळीला भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रिया होत नाही.

निकष काय सांगतो?

ग्रामीण भागात ३० हजार, आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार, तर शहरात ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. केंद्र कागदावर असणे आणि तिथे डॉक्टर, परिचारिका हजर असणे यात मात्र फरक आहे.

जागा भरूनही माणसे का जातात?

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुतांश नेमणुका कंत्राटी असतात. करार साधारण ११ महिन्यांचा, त्यानंतर नूतनीकरण. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत खासगी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असल्याने अनुभवी परिचारिका वा तज्ज्ञाला पर्याय लगेच मिळतो. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर कामबंद आंदोलन करावे लागले.

शहापूर-मुरबाडची अडचण वेगळी. तिथे राहण्याजोगे निवासस्थान, मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी हे प्रश्न आधी येतात. शहापूर तालुक्यात कसारा लोकल जाते, त्यामुळे कल्याणहून ये-जा करता येते. त्यातून दिवसाची ओपीडी चालेलही. पण बाळंतपण आणि सर्पदंश लोकलचे वेळापत्रक पाहून येत नाहीत.

सक्तीने प्रश्न सुटतो का?

शासकीय व महापालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे; ती टाळल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. त्यातून वर्षभरासाठी डॉक्टर मिळतो. वर्ष संपले की जागा पुन्हा रिकामी होते.

उपाय कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये यावर शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश, मोठ्या शहरांबाहेर शिक्षण, योग्य आर्थिक मोबदला, चांगली राहण्याची सोय आणि बढतीची संधी यांचा त्यात समावेश आहे. यातला एकच उपाय करून भागत नाही, सगळे मिळून करावे लागतात.

स्थानिक माणूस टिकतो, याचे उदाहरण आशा सेविका आहेत. त्या त्याच गावच्या रहिवासी असाव्यात, हीच निवडीची अट आहे. त्यांना मात्र पगार नाही, मानधन आहे.

पुढे काय?

अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिथे एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. आंतरवासितेसह साडेपाच वर्षे धरली, तर पहिली तुकडी २०३० मध्ये बाहेर पडेल. तोवर करार आणि घरांचा प्रश्न सुटला नाही, तर हे डॉक्टरही शहापूरऐवजी ठाण्यातील खासगी रुग्णालयांकडे वळतील.