छठीची रात्र आणि बाळाचे पहिले दिवस

पाचवी-सहावीची रात्र आपल्या पुष्कळ घरांतून अजून जागवली जाते. शेजारी सटवाईची पूजा मांडतात, कोरा कागद व लेखणी ठेवतात. आमच्या घरी छठी होत असे. या जागरणामागे नुसती भोळी समजूत होती, असे आम्हांस वाटत नाही. धनुर्वाताने जाणारी बाळे बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जात. घरच्या बायकांना जंतू ठाऊक नव्हता, दिवस मात्र ठाऊक होते.

आमचा थोरला भाऊ असाच गेला. तो आम्ही पाहिला नाही. अम्मी सांगे, सहाव्या दिवशी त्याने अंगावर पिणे सोडले, जबडा आवळला, नुसता हात लावला तरी अंग ताठ होई. नाळ विळ्याने कापून वर राख लावली होती. अकीक्यासाठी आणलेला बकरा परत पाठवावा लागला.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि नाळेच्या ओल्या जखमेतून शिरतात. आईला गरोदरपणी लस टोचली की तिच्या रक्तातले संरक्षण बाळाला पोटातच मिळते. ही लस आणि स्वच्छ पाते, एवढ्यावर 2015 साली भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते.

तथापि पहिला आठवडा अजून अवघडच आहे. पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणे.

यावर घरातल्या घरात किती करता येते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवले. 39 गावांतील थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळ तोलणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. तेथे हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर 1998 पर्यंत 26च्या आत आला. याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या फेऱ्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी असतात. आपल्या चाळीस दिवसांच्या चिल्ल्याशी हा हिशेब किती जुळतो पहा!

ऊब ही पहिली गोष्ट. उलट्या हाताने बाळाचे पोट पहावे, मग तळपाय. पोट गरम व पाय गार असतील तर बाळाला ऊब हवी आहे. दोन्ही गार असतील तर उशीर करू नये. पहिले 24 तास आंघोळ नको. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालावे. बोगोटा शहरात 1970च्या दशकाच्या अखेरीस ही रीत सुरू झाली, आणि आता मोठ्या रुग्णालयांतही ती वापरतात.

दुसरी गोष्ट चीक. पिवळसर, दाट म्हणून तो पिळून टाकणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. बाळाची पहिली लस ती हीच. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. मधाचे बोट, गुटी, पाणी काही नको. खजुराचे बोट आमच्यात प्रेमानेच चाटवतात, पण इतक्या कोवळ्या पोटाला तेही नको. मधाने तर वर्षाच्या आतील मुलाला क्वचित जीवघेणी विषबाधा होते.

बाळ पिईनासे झाले, मलूल पडले, झटके आले, अंग तापले किंवा गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, शांत असतानाही मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास भरले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

आमच्या मोहल्ल्यात काही घरी चिल्ला चालू आहे म्हणून आशाताईंना ओसरीवरूनच परत पाठवतात. हे आम्हांस मुळीच पटत नाही. त्यांची दुसरी फेरी सातव्या दिवशी, म्हणजे नेमकी अकीक्याच्या गर्दीत येते. पाहुणे असले तरी त्यांचा काटा टांगायला आतल्या खोलीत जागा करून द्यावी.