अठरा इंची काठवट आणि तिचं लेथ

संपादकांना सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांवर लेख हवा होता. ती चितार आळीत हारीने मांडलेली असतात. राजवाड्यातल्या लाखकामाला आणि गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांना, राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा कसं उभं केलं, यावरही भरपूर लिहून झालंय. मी रमलो ते गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथला कातारी मोठं लेथ घेऊ की नको, या विचारात होता.

त्याचं आत्ताचं लेथ 12 इंची, म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून खालच्या बेडपर्यंत सहा इंच. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब यांना ते उरून पुरतं. पण गोव्यातल्या एका हॉटेलाला आता फणसाच्या 18 इंची काठवटी हव्यात.

स्पिंडल धरणाऱ्या हेडस्टॉकखाली लोखंडी ठोकळे घालून उंची वाढवता येते. घोडं अडतं ते वेगापाशी. या लेथचा सगळ्यांत कमी वेग मिनिटाला 700 फेरे. त्या वेगाला 18 इंची लाकडाची कड ताशी 60 किलोमीटरने धावते. सहा इंच जाडीचा तेवढा ओला फणस वीस-बावीस किलो भरतो. त्याच्या तुलनेत 10 इंच रुंद, चार इंच जाड ठोकळा पाच किलोंच्या आतबाहेर. शिवाय ओंडका कधीच सगळीकडून सारखा जड नसतो. कातकामातला जुना आडाखा असा, की व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6,000 ते 9,000 असावा. म्हणजे इथे 330 ते 500 फेरे, आणि ओबडधोबड ठोकळ्याला सुरुवातीला त्याहूनही कमी.

मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लावला की नुसतं बटण फिरवून वेग उतरतो, असं विक्रेते सांगतात. उतरतोही. पण मोटर निम्म्या वेगाला आणली की तिची ताकदही निम्म्यावर येते आणि पटाशी जरा खोल गेली की लाकूड जागीच थांबतं. पट्टा मोटरच्या लहान पुलीवर घेतला तर वेग उतरतो, जोर वाढतो. म्हणून हा गडी कॅटलॉगात आधी पुलीचे टप्पे बघतो, हॉर्सपॉवर नंतर. मला त्याचं हे बघणं फार आवडलं.

किंमत मात्र लोखंडाच्या वजनाने चढते. ओतीव बेड, जाड स्पिंडल, मोठी बेअरिंग. पाइप जोडून केलेला बेड स्वस्त पडतो, पण वीस किलोंचा तोल सुटला की तो थरथरतो. मग त्यात वाळू भरा. शिवाय ठोकळा पकडायला मोठा चक, लांब पटाश्या आणि ओंडका उचलायला चेनपुली. ओली काठवट आधी जाड कातून महिनोन् महिने सुकवायची, वाकडी झाली की पुन्हा चढवायची; तोवर पैसे अडकून. हे सगळं वर्षातल्या मोजक्या काठवटींसाठी.

“घर लाटण्यार चालता, काठवटीर नाय,” तो म्हणाला, आणि कॅटलॉग पुन्हा उघडला.

सध्या त्याचा कल हेडस्टॉक सरकणाऱ्या 16 इंची लेथकडे आहे. हेडस्टॉक बेडच्या टोकाला आणायचा आणि काठवट बेडबाहेर फिरवायची. पण मग पटाशीच्या टेकूला वेगळा जड स्टँड लागतो. दरपत्रकात तो कुठेच नव्हता. त्याने माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “त्याचे वेगळे पडतील, साहेब. भाडंही वेगळं.”