ऐतिहासिक वास्तूंचे छायाचित्रण

पन्नास रुपयांची जी नोट २०१७ साली प्रथम निघाली, तिच्या मागील बाजूस हंपीच्या विठ्ठल मंदिरातील दगडी रथ छापलेला आहे. हंपीस जाणाऱ्या यात्रेकरूस तो रथ असाच, सपाट माथ्याचा दिसतो. आणि शिल्पकाराने तो असाच घडविला असावा, असे त्यास सहज वाटते. परंतु अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर घेतलेल्या छायाचित्रात त्याच रथावर विटांचे शिखर उभे आहे. पुढे ते नाहीसे झाले. आज आपण ते डोळ्यांनी पाहू शकतो, ते या कागदाच्या कृपेने. १९८३ साली जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागा शोधून, तेथे उभे राहून पुन्हा चित्रे घेतली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे सव्वाशे वर्षांत काय ढासळले आणि काय टिकले, हे सांगण्यास शब्दांची गरज उरत नाही.

वास्तूचे छायाचित्र हे अशा रीतीने दुहेरी स्वरूपाचे असते. घेणाऱ्यास ती प्रवासाची आठवण वाटते. पुढील पिढीच्या दृष्टीने ती साक्ष ठरते. आणि साक्ष म्हटली की तिच्या खरेपणाचा प्रश्न आलाच.

दक्षिणेतील दुसरे उदाहरण घेऊ. लिनियस ट्राइप हे मद्रास इलाख्याचे सरकारी छायाचित्रकार होते. १८५८ साली त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरील कोरीव लेखांची सलग नोंद केली. २१ चित्रे एकास एक जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार झाला. एकेका चित्रासाठी काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागे, हे ध्यानात घेतले तर त्या श्रमाची कल्पना येते. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. त्यामुळे मराठी माणसास हे स्थळ परके नाही.

कोरीव अक्षर टिपावयाचे, तर प्रकाश समोरून घेऊन चालत नाही. भर उजेडात समोरून घेतलेल्या चित्रात अक्षरे दगडात विरून जातात. ऊन भिंतीस घासून, तिरकस येत असेल, तर प्रत्येक खाचेत बारीक सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. म्हणून वास्तूच्या छायाचित्रकारास सूर्याची गती ठाऊक असावी लागते. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची दुपारनंतर, हे कोणीही सांगेल. उत्तरेच्या भिंतीचे काय? हिवाळ्यात तिच्यावर ऊन पडत नाही. परंतु तंजावरसारख्या दक्षिणेकडील गावी एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मध्यान्हीदेखील किंचित उत्तरेस असतो, आणि त्या काळात ती भिंत तिरकस उन्हाने उजळते.

दुसरी अडचण उंचीची. मंदिराच्या शिखराकडे कॅमेरा वर करून पाहिले की सरळ उभ्या कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलल्यासारखी दिसते. याचे कारण साधे आहे. कॅमेऱ्यातील चित्रपटल भिंतीस समांतर राहिलेले नसते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात पटल उभेच ठेवून केवळ भिंग वर सरकविता येई. आजही त्या कामासाठी सरकणारी खास भिंगे मिळतात. डिजिटल चित्रात हा दोष नंतर संगणकावर काढता येतो. मात्र त्या दुरुस्तीत कडेचा काही भाग कापला जातो. म्हणून चित्र घेतानाच चोहोबाजूंनी मोकळी जागा राखून ठेवावी.

फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद बराच चालतो. वस्तुतः प्रत्येकाचा गुण वेगळा आहे. निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू असते. ती पाहण्यास कोणत्याही यंत्राची गरज नसते, आणि कोरड्या, थंड जागी नीट ठेवल्यास ती पिढ्यान् पिढ्या टिकते. परंतु उष्ण व दमट हवेत ॲसिटेटची फिल्म आंबते, तिला शिरक्याचा वास येऊ लागतो आणि ती आक्रसते. डिजिटल चित्राची नक्कल कितीही वेळा केली तरी ती तसूभरही उणी होत नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात, लखलखाटी दिवा न लावता ते घेता येते. परिणाम तत्काळ दिसतो. पण एक तबकडी बिघडली की हजारो चित्रे एका क्षणात जातात. म्हणून अशा चित्रांच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी.

फिल्म खोटे बोलत नाही, हा समजही पूर्ण खरा नव्हे. त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे. ट्राइप यांनी आपल्या निगेटिव्हवर हाताने ढग रंगविलेले आहेत. मात्र त्यांनी मंदिराच्या दगडाबाबत तसे केले असते, तर साक्षच बिघडली असती. आज विजेच्या तारा, पत्र्याचे छप्पर, भिंतीवरील भेग, असे काहीही बोटाच्या एका स्पर्शाने चित्रातून पुसता येते. भिंतीवर टांगण्याच्या चित्रात ते क्षम्य असेल; नोंदीच्या चित्रात नाही. पुढील अभ्यासकास नेमकी ती भेग केव्हा पडली, हेच पाहावयाचे असते. मूळ चित्र म्हणूनच स्पर्श न करता जपून ठेवावे.

छायाचित्रावरून वास्तूची मापे काढता येतात, ही गोष्ट अनेकांस नवलाची वाटेल. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुतज्ज्ञ १८५८ साली वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला. त्या प्रसंगातून चित्रांवरूनच मापे काढण्याची कल्पना त्यास सुचली. तिचे मोल २००१ साली कळून आले. त्या वर्षी अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडविण्यात आल्या. परंतु १९७० साली रोबेर्ट कोस्टका या ऑस्ट्रियन प्राध्यापकांनी मोजमापासाठी काढलेली तीन छायाचित्रे उपलब्ध होती. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी त्यांवरून मोठ्या मूर्तीची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर उभी केली. दगड परत आला नाही. त्याचे माप मात्र वाचले.

हीच पद्धत आता साध्या कॅमेऱ्यानेही साधते. वास्तूभोवती पावलापावलाने फिरत चित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रात मागील चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग पुन्हा यावा. भिंगाची जवळ-लांब अशी फिरवाफिरव करू नये. आणि एखाद्या चित्रात तरी मोजपट्टी ठेवावी. शेवटी तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि दिशा लिहून ठेवावी. तिपाई लावण्यापूर्वी तेथील नियम विचारावा, आणि पूजास्थानी असल्यास पुजाऱ्याचा शब्द मोडू नये.

हंपी, तंजावर यांची चित्रे घेणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या गावाबाहेरची पायऱ्यांची विहीर, पडका वाडा, जीर्णोद्धारासाठी उद्या उतरविले जाणारे देवळाचे लाकडी छत, यांची चित्रे कोण घेणार? ज्याच्या खिशात आज कॅमेरा आहे, त्याने ती जीर्णोद्धाराचा मुहूर्त ठरण्यापूर्वी घ्यावीत, आणि त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात नाव-तारखेसह ठेवावी.