ग्रंथसूचीला हांक कशी मारावी?

इ. स. १८९७ सालच्या पुण्यांतील प्लेगवर आमच्या पुतण्यास महाविद्यालयासाठीं निबंध लिहावयाचा होता. ग्रंथालयांतील संगणकाच्या सूचींत त्यानें 'पुण्याचा प्लेग' एवढेंच लिहून पाहिलें. हातीं कांहींच लागलें नाहीं. 'या विषयावर पुस्तकेंच नाहींत', असा निर्वाळा देऊन स्वारी घरीं परतली!

दोष त्याचा नव्हे. शोधण्याची रीत त्यास कोणी शिकविलीच नव्हती. अर्धें बोललें तरी पुरतें समजून घ्यावयास सूची म्हणजे कांहीं घरची आजी नव्हे. ज्या नांवानें ग्रंथ नोंदलेला असेल, त्याच नांवानें तिला हांक मारली पाहिजे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत पुणें हें 'पूना' असतें. जुन्या मराठींत प्लेगला 'ग्रंथिक सन्निपात' असेंही म्हणत. म्हणून आधीं कागदावर विषयाचीं, स्थळाचीं व काळाचीं सारीं नांवें मांडावीं.

मग त्यांची जोडणी करावी. 'पुणें किंवा पूना' म्हटल्यानें जाळें रुंदावतें. 'आणि प्लेग' जोडल्यानें तें आवळतें. जॉर्ज बूल या गणितज्ञानें १८५४ सालीं मांडलेल्या तर्कगणिताचाच हा घरगुती उपयोग होय.

एक ग्रंथ सांपडला कीं त्याची नोंद नीट वाचावी. तींत दिलेलें विषयशीर्षक घेऊन पुन्हां शोध करावा. कपाटापाशीं जाऊन शेजारचीं पुस्तकेंही चाळावीं. मात्र एकाच कपाटावर विसंबूं नये. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतींत हिंदुस्थानचा इतिहास ९५४ या अंकाखालीं येतो, तर वैद्यक ६१० खालीं. प्लेगचीं पुस्तकें दोन्हींकडे विखुरलेलीं असावयाचीं! शिवाय १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठीं शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठीं 'शोधगंगा' हें संगणकीय भांडार आहे.

पुतण्या पुन्हां गेला व दोन ग्रंथ घेऊन आला. गोऱ्या शिपायांनीं केलेल्या घरझडत्यांचें वर्णन दोहोंत निराळें आढळलें. "काका, यांतलें खरें कोणतें?" त्यानें विचारलें. पहिल्या उत्तरावर समाधान मानणाऱ्या मुलास हा प्रश्न पडला, यांतच आम्हांस विद्येचा आरंभ दिसला.

तेव्हां वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मूल रिकाम्या हातीं परतलें, तर लागलीच उत्तर सांगूं नये. आधीं विचारावें, "बाळ, तूं कोणत्या नांवानें शोधलेंस?"