संगणक म्हातारा झाला की गर्दीत अडकला?

बटण दाबलं, दप्तर भरलं, दूध पिऊन झालं, बुटांच्या नाड्याही बांधल्या. तरी पडद्यावरचा तो गोल आपला फिरतोच आहे! प्रोजेक्टचं एक पान छापायचं असतं आणि घरातला जुना संगणक अगदी अंत पाहतो. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "आता नवाच घ्यायला हवा." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, "यंदा काही जमायचं नाही."

दोस्तांनो, या दोन वाक्यांच्या मधून एक वाट जाते, ती आज पाहू या. संगणक जुना झाला म्हणजे त्याचा मेंदू मंद झाला, असं नसतं बरं का! दहा वर्षांपूर्वी सेकंदाला ३०० कोटी ठोके देणारा प्रोसेसर आजही तेवढेच ठोके देऊ शकतो. वाढलं आहे ते त्याच्या डोक्यावरचं ओझं. यातलं बरंचसं ओझं एक पैसाही न खर्चता, नुसती सेटिंग बदलून उतरवता येतं. इथे दिलेल्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

पण थांबा! संगणक घरातल्या सगळ्यांचा असतो. त्यात ताईचे फोटो असतात, बाबांच्या ऑफिसचे हिशेब असतात. म्हणून आधी आई-बाबांना विचारा. महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग स्टार्टच्या शोधपट्टीत 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' शोधून एक परतीची खूण करून ठेवा. काही बिघडलं तर सेटिंग त्या खुणेपर्यंत मागे नेता येतात.

आधी घड्याळ, मग माउस

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे कितीतरी गाळे आहेत. पत्र्याची गोल चकती कापायची, प्रेसखाली दाबून तिला आकार द्यायचा, मग पॉलिश करून चकचकीत करायचं. आता असं समजा, की प्रेसवर तासाला १०० वाट्या निघतात आणि पॉलिश करणारा माणूस तासाला २० वाट्या करतो. मालकाने आणखी एक प्रेस आणली, तर काम वाढेल का? छे! पॉलिशवाल्यासमोरचा ढीग तेवढा वाढेल.

संगणकाचंही असंच आहे. काम नेमकं कुठे तुंबतंय, हे आधी शोधायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. छोटी खिडकी दिसली, तर 'मोअर डिटेल्स'वर टिचकी मारा. आता सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांवर नजर ठेवा. संगणक चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बघत राहा. सीपीयू १० टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर तुमचा पॉलिशवाला कोण, ते कळलंच!

मग एक वही घ्या. बटण दाबल्यापासून संगणक नीट हाताळता येईपर्यंत किती सेकंद लागले? ब्राउझर उघडायला किती? लिहायचा प्रोग्रॅम उघडायला किती? प्रत्येक वेळ तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. दर वेळी मोजण्याआधी संगणक 'रीस्टार्ट' करा. कारण एकदा उघडलेला प्रोग्रॅम मेमरीत रेंगाळतो आणि दुसऱ्यांदा आपोआपच लवकर उघडतो. मग तुम्हाला वाटेल, की आपल्याच जादूने तो पळायला लागला!

आणि एक नियम पाठ करा: एका वेळी एकच बदल. पाच बदल एकदम केले, तर कशाने फायदा झाला ते कधीच कळणार नाही.

'रीस्टार्ट'ची एक गंमत सांगायला हवी. 'शट डाउन' केलं की संगणक पुरता झोपला, असं आपल्याला वाटतं. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. म्हणजे अडकलेलं काहीतरी तसंच अडकलेलं राहू शकतं. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून संगणक कुरकुरायला लागला, की पहिला उपाय 'रीस्टार्ट'.

सकाळची लोकल

सकाळी भाईंदर स्टेशनवर चर्चगेटची लोकल लागली की काय होतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. सगळे एकदम दारातून आत घुसतात आणि दारातच अडकतात. हीच माणसं दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आली असती, तर?

तुमचा संगणक सुरू होतो, तेव्हा अशीच झुंबड उडते. गप्पांचा प्रोग्रॅम, गाण्यांचा प्रोग्रॅम, प्रिंटरचा मदतनीस, कधीतरी घातलेला आणि आता विसरलेला गेम. प्रत्येकाला पहिल्याच मिनिटाला आत यायचं असतं. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' पान उघडा (विंडोज ११ मध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स'). तिथे 'स्टार्टअप इम्पॅक्ट'च्या रकान्यात 'हाय' लिहिलेले प्रोग्रॅम म्हणजे मोठं सामान घेऊन दारात उभे असलेले प्रवासी. रोज लागत नाही त्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा.

घाबरू नका. 'डिसेबल' म्हणजे पुसून टाकणं नव्हे. तो प्रोग्रॅम तुम्ही बोलवाल तेव्हा येईल, न बोलावता येणार नाही, इतकंच. मात्र व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्रॅम, आवाजाचा, टचपॅडचा आणि पडद्याचा प्रोग्रॅम यांना हात लावू नका. नाव ओळखीचं नसेल, तर आधी ते कशाचं आहे ते शोधा.

टेबल आणि माळा

मीरा रोडच्या छोट्या फ्लॅटमध्ये अभ्यासाचं टेबल केवढंसं असतं! त्यावर चार पुस्तकं मावतात. पाचवं हवं असेल, तर एक उचलून माळ्यावर टाकायचं, शिडी लावायची आणि पाचवं खाली काढायचं. संगणकातली रॅम म्हणजे हे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. टेबल भरलं की विंडोज काही सामान डिस्कवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते.

पण या शिडीला लागणारा वेळ किती, माहीत आहे? रॅममधून माहिती यायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या हार्ड डिस्कवरून यायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. म्हणजे फरक एक लाख पटींचा! टेबलावरचं पुस्तक उचलायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरचं काढायला एक अख्खा दिवस आणि वर जवळजवळ चार तास!

म्हणून टेबल मोकळं ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' ९० टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर ब्राउझरमधली उघडी पानं मोजा. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरत असे. आज एकच जड पान २०० एमबी सहज खातं. वाचून झालेली पानं बंद करा आणि ब्राउझरला जोडलेली, न वापरली जाणारी 'एक्स्टेन्शन्स' काढून टाका.

तबकडीचे फेरे

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी असते. टेबलावरच्या संगणकात ती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारा काटा योग्य जागी सरकायला आणि हवा तो भाग फिरून त्याच्याखाली यायला वेळ लागतो. एकाच फाइलचे तुकडे दहा ठिकाणी विखुरलेले असतील, तर काट्याची दहा वेळा धावपळ.

त्यावर उपाय दोन. पहिला, डिस्क गच्च भरू देऊ नका. १५ ते २० टक्के जागा रिकामी असू द्या. 'डिस्क क्लीनअप' चालवून कचरा काढा, पण 'डाउनलोड्स'वर खूण करण्याआधी आत कुणाचं काही नाही ना, ते बघा. दुसरा, 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून विखुरलेले तुकडे एकत्र करा. तुमच्या संगणकात एसएसडी असेल, तर मात्र तुकडे गोळा करायची गरजच नाही. तिच्यात फिरती तबकडीच नसते! तिची निगा विंडोज वेगळ्या पद्धतीने, आपणहून राखते.

सजावट आणि खाडीची हवा

खिडक्या अलगद उघडणं, सावल्या पडणं, अर्धपारदर्शक पट्ट्या, ही सगळी सजावट. जुन्या संगणकाला तिचा भार होतो. शोधपट्टीत 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' शोधा आणि 'अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. मग यादीतल्या 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स'वर पुन्हा खूण करा. नाहीतर अक्षरं दातेरी दिसतात आणि आपली जोडाक्षरं वाचताना डोळे दुखतात.

आता एक गोष्ट सेटिंगच्या बाहेरची. मीरा-भाईंदरला एका बाजूला वसईची खाडी, आसपास मिठागरं, आणि जागोजागी बांधकामाची धूळ. दमट हवेत ही धूळ संगणकाच्या पंख्याला चिकटून बसते. पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. सेटिंग कितीही बदला, उपयोग शून्य! वायर भिंतीतून काढून, मोठ्या माणसाच्या मदतीने, मऊ ब्रशने धूळ झाडा. ओलं फडकं मात्र अजिबात नको.

या गोळ्या घेऊ नका!

वेग वाढवण्याच्या नावाखाली बरेच चुकीचे सल्ले फिरत असतात. 'रजिस्ट्री' साफ करणारे प्रोग्रॅम घालू नका. वेग फारसा वाढत नाही, पण एखादी नको ती नोंद पुसली गेली तर विंडोज उठायचीच नाही. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये प्रोसेसरची संख्या 'जास्तीत जास्त' करून काही मिळत नाही, कारण विंडोज मुळातच सगळे वापरते. 'व्हर्च्युअल मेमरी' बंद केली, तर माळाच बंद झाला. टेबल भरलं की प्रोग्रॅम कोसळतील. ती विंडोजलाच सांभाळू द्या. आणि वेगासाठी व्हायरसचा राखणदार बंद करणं म्हणजे लवकर बाहेर पडता यावं म्हणून दाराचं कुलूप काढून ठेवणं!

ठाऊक आहे का?

तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी काही संगणकांवर 'टर्बो' नावाचं बटण असे. नाव ऐकून वाटेल, की ते वेग वाढवत असेल. प्रत्यक्षात त्याचा उपयोग वेग कमी करायला व्हायचा! १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. काही गेम त्याच वेगावर बेतलेले होते. नव्या संगणकावर ते इतके सुसाट पळत, की खेळणाऱ्याला बोट हलवायलाही वेळ मिळत नसे. म्हणून टर्बो बंद करून संगणकाला हळू करावं लागे. शिवाय डॉसच्या काळात नेहमीच्या प्रोग्रॅमना ६४० केबी मेमरी मिळायची. गेम सुरू व्हावा म्हणून मुलं 'कॉन्फिग' आणि 'ऑटोएक्झेक' या फाइलींतल्या ओळी पुढेमागे करत बसत. तेव्हाही खेळ तोच होता, टेबलावर जागा करण्याचा.

सेटिंग कुठवर पुरतात?

खरं सांगायचं तर सेटिंगलाही मर्यादा आहे. सगळं करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच राहिली, तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवणं हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा उपाय. मेमरी सतत भरत असेल, तर रॅम वाढवणं. दोन्ही नव्या संगणकापेक्षा पुष्कळ स्वस्त.

दुसरी गोष्ट वेगापेक्षाही महत्त्वाची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत मिळाली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. बऱ्याच जुन्या संगणकांत ते नसतात. सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे बाबांना नक्की सांगा. अशा संगणकासाठी लिनक्सचा मोफत पर्याय आहे. 'लिनक्स मिंट' किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस'. पण ते घालण्याआधी सगळ्या फाइली दुसरीकडे ठेवायच्या आणि जाणकाराला बरोबर घ्यायचं. आणि संगणक खरोखरच निकामी झाला, तर तो भंगारात नको. त्यात शिशासारखे विषारी धातू असतात. ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

आता ती वही पुन्हा उघडा. डावीकडे आधीचे सेकंद, उजवीकडे नंतरचे. फरक पुरेसा असेल, तर घरातला एक मोठा खर्च वाचला. नसेल, तरी कुठे काय तुंबतंय हे तुमच्याकडे आकड्यांत लिहिलेलं आहे. "नवा संगणक हवा!" असा हट्ट धरण्यापेक्षा "डिस्क १०० टक्क्यांवर अडकते, फक्त एसएसडी बदलू या का?" असं विचारून पाहा. आई-बाबा वही हातात घेऊन आकडे वाचतील, आणि मग बोलणं पुढे सरकेल.