खंडन-मंडनाचे दिवस : मराठवाड्यातल्या धर्मपुस्तिकांचा मागोवा

धर्मावरची लहानशी पुस्तिका निजाम सरकारला धोक्याची वाटावी, असे दिवस मराठवाड्याने पाहिले आहेत. १९३० नंतरच्या दहा वर्षांत उदगीर, निलंगा, लातूर, नांदेड या गावांत जाहीर सभा घ्यायची, आखाडा काढायचा किंवा खासगी शाळा उघडायची तर आधी परवानगी काढावी लागे. हवनकुंड बांधण्यावरूनही सरकारशी तंटे झाले. आज हा काळ आपण मुक्तिसंग्रामाची पूर्वतयारी म्हणून आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या आठवणीत हुतात्म्यांची नावं राहिली, ज्या कागदांवरून माणसं भांडली ते कागद मात्र मागे पडले. हे लिहितो आहे ते त्या कागदांसाठी.

तेव्हाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी निजामी राज्यात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव होतं आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात मोडत. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. इथला मराठी मुलगा शिकला तो बहुधा उर्दूतूनच. त्यामुळे मराठी मुलखातल्या धर्मवादाचा मोठा भाग उर्दूत आणि हिंदीत लढला गेला. आर्यसमाजी पंडित नरेंद्र यांचं ‘वैदिक आदर्श’ हे हैदराबादचं साप्ताहिक वेदांचा कैवार घेत असे, तेही उर्दूतून. सरकारने ते बंद पाडलं.

हैदराबाद संस्थानात आर्य समाज आधी आला तो आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूरला. हैदराबादच्या सुलतान बाजारातली शाखा १८९२ची. पण मराठवाड्याच्या पूर्व भागात त्याचा खरा जोर दिसला तो उदगीरच्या बन्सीलाल आणि श्यामलाल या भावांमुळे. त्यांना सगळे ‘भाई’ म्हणत. उपदेशक गावोगाव जात, भजनोपदेशक पेटीवर भजन म्हणता म्हणता मुद्दा मांडत, सभा संपली की पुस्तिका विकल्या जात. समोरच्या मताचं खंडन, मग आपल्या मताचं मंडन, हा त्यांचा ठरलेला क्रम. समोरासमोर वाद झाला तर आर्यसमाजी त्याला शास्त्रार्थ म्हणत, मौलवी मुनाझरा म्हणत.

या सगळ्या पुस्तिकांचा मूळ साठा म्हणजे आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांचा ‘सत्यार्थ प्रकाश’. त्याची पहिली आवृत्ती १८७५ सालची. सुधारलेल्या आवृत्तीतले शेवटचे चार समुल्लास, म्हणजे प्रकरणं, परमतखंडनाचे आहेत. अकराव्यात भारतातले पंथ, बाराव्यात चार्वाक, बौद्ध आणि जैन, तेराव्यात ख्रिस्ती आणि चौदाव्यात इस्लाम. म्हणजे आर्य उपदेशकाच्या पिशवीत जवळजवळ प्रत्येक शेजाऱ्याला दुखावणारं एखादं प्रकरण असेच. नांदेडच्या संदर्भात हे मुद्दाम सांगायला हवं. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या गावात आज आर्य समाज म्हटलं की निजामाविरुद्धचा लढा आठवतो. पण पंजाबात दयानंदांनी गुरू नानकांविषयी लिहिलेल्या मजकुरावरून आर्य आणि शीख यांच्यात वर्षानुवर्षं पुस्तिका-युद्ध चाललं होतं, आणि भाई काहनसिंग नाभा यांचं ‘हम हिंदू नहीं’ हे १८९८चं पुस्तक त्याच वातावरणातून आलं.

लातूर-उदगीरकडचा सगळ्यात गुंतागुंतीचा वाद मात्र वेगळाच होता. हा लिंगायतांचा मुलूख. बसवकल्याण जवळ, मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’ घराघरात. १९२४च्या सुमारास सिद्दीक नावाच्या मुस्लिम धर्मप्रचारकाने गदगमध्ये जाहीर केलं की लिंगायत ज्याची वाट पाहतात तो चन्नबसवेश्वर मीच. त्याची संघटना दीनदार अंजुमन. पुढे तिचं केंद्र हैदराबादेत आलं. लिंगायतांचीच भाषा, त्यांचीच भाकितं, त्यांचेच संत घेऊन इस्लामची मांडणी करायची, ही त्याची रीत. आर्य समाजाने त्याला आव्हान दिलं. म्हणजे बसवण्णांच्या वारशावर एका बाजूने दीनदार बोलत होते आणि दुसऱ्या बाजूने वेद प्रमाण मानणारे आर्यसमाजी. ज्यांच्यावरून हे चाललं होतं त्या लिंगायतांचा स्वतःचा आवाज या गदारोळात फार कमी ऐकू आला. त्या दशकातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

सरकारचा हात दोन्हीकडे सारखा पडला नाही, अशी आर्य समाजाची तक्रार होती. जाहीर सभांवर बंधन घालणारी ‘गश्ती निशाण ५३’ त्या पिढीच्या तोंडी शिवीसारखी बसली होती. वर्तमानपत्रांची गतही तीच. आनंद कृष्ण वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ काढलं, त्यावर बंदी आली, मग संस्थानाबाहेरून नावं बदलत ते निघत राहिलं. हद्द ओलांडली की ब्रिटिश सोलापूर, आणि तिथे छापखाने मोकळे होते. १९११ पासून बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत येत होती आणि बार्शी ब्रिटिश हद्दीत होती. जो कागद राज्यात छापता येत नव्हता तो राज्याच्या उंबरठ्यावर छापला जात होता.

१९३८ हे वर्ष सगळं एकत्र आणणारं ठरलं. त्या साली महाराष्ट्र परिषदेचं दुसरं अधिवेशन लातूरला झालं. वर्षअखेर भाई श्यामलाल यांचा बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि उदगीर हादरलं. त्याच डिसेंबरात लोकनायक अण्यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली, सत्याग्रहाचा निर्णय झाला आणि १९३९च्या जानेवारीअखेर महात्मा नारायण स्वामींनी सुरुवात केली. देशभरातून जथे आले, हजारो माणसं तुरुंगात गेली. जुलैत सरकारने सुधारणा जाहीर केल्या आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह थांबला.

या मोहिमेबरोबर कागदांचीही लढाई चालू होती. निजाम सरकारने आर्य समाजाविरुद्ध स्वतःची प्रकाशनं काढली. हे लोक दुसऱ्यांच्या धर्माची निंदा करतात, शांतता बिघडवतात, धर्मस्वातंत्र्य इथे पहिल्यापासून आहे, असा त्यांचा रोख. त्याला उत्तर म्हणून आर्य समाजाच्या दिल्लीच्या मध्यवर्ती संस्थेने १९४० साली ‘निजाम डिफेन्स एक्झामिन्ड अँड एक्स्पोज्ड’ हे जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. संस्थानाने आपल्याच प्रजेतल्या एका धर्मपंथाशी छापील वाद घालावा आणि त्या पंथाने सरकारचे मुद्दे खोडून काढावेत, ही आपल्याकडची मोठीच घटना आहे. लाठी आणि तुरुंग होतेच, पण उत्तर छापून द्यावं असं सरकारलाही वाटलं.

त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधी असंच चित्र इंग्लंडात होतं. जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांना लोक क्वेकर म्हणत. ते स्वतःला मित्र म्हणवत. धर्मगुरू नकोत, दशमांश कर देणार नाही, टोपी काढून कुणाला मुजरा करणार नाही, हा त्यांचा आग्रह. १६५० नंतर त्यांनी पुस्तिकांचा पाऊस पाडला. मार्गारेट फेल हिने बायकांना धर्मसभेत बोलायचा अधिकार आहे, हे सांगणारी पुस्तिका १६६६ साली, तुरुंगात असतानाच, प्रसिद्ध केली. ज्याच्या रूपककथेचं मराठी ‘यात्रिकक्रमण’ १८४१ सालीच निघालं, त्या जॉन बन्यनचं पहिलं पुस्तकही क्वेकरांविरुद्धच्या वादातलं होतं. मराठी वाचकाच्या घरात बन्यन आला, त्याचं भांडण मात्र तिकडेच राहिलं.

क्वेकरांची भाषा सौम्य नव्हती. फॉक्सने १६५९ साली शंभरावर विरोधी पुस्तकांना एकाच ग्रंथात उत्तरं दिली आणि त्यात शिव्याशापांची कसर ठेवली नाही. आर्य पुस्तिकांविषयीही हे स्पष्ट बोललं पाहिजे. ‘सत्यार्थ प्रकाश’ वाचून आपली निराशा झाली, त्यात इतर धर्मांची मांडणी न्यायाने झालेली नाही, असं गांधींनी १९२४ साली लिहिलं आणि आर्य समाज त्यांच्यावर तुटून पडला. गांधींचं म्हणणं मला पटतं. तरीही ज्या राज्यात साधी सभा घ्यायला अर्ज करावा लागतो तिथे तिखट बोलणाऱ्यालाही छापायचा हक्क हवा, यावर माझ्या मनात शंका नाही. श्यामलाल यांनी जे सोसलं त्याचं मोल त्या पुस्तिकांमधल्या एखाद्या अन्यायकारक ओळीने कमी होत नाही. पण त्या ओळी लपवूनही चालणार नाही. त्या वाचून ज्यांची घरं दुखावली ती माणसंही उदगीरचीच होती.

१९४८ साली निजामाची राजवट संपल्यावर वादाची जात बदलली. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघालं आणि पुढे त्याच कॉलेजातून नरहर कुरुंदकर धर्मग्रंथांवर बोलू-लिहू लागले. मनुस्मृतीची चिकित्सा करताना ते आधी तिच्या समर्थकाचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडत, मग तो मोडत. खंडन-मंडनाच्या परंपरेत एवढी मोठी सुधारणा दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. २०१७ साली लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे, या मागणीसाठी लातुरात प्रचंड मोर्चा निघाला, आणि वीरशैव व लिंगायत एकच की वेगळे यावर पत्रकं, पुस्तिका, भाषणं यांचा पूर आला. ज्यांचा आवाज १९३०च्या दशकात दबला होता ते आता स्वतःच दोन्ही बाजूंनी लिहीत होते.

लंडनच्या क्वेकरांनी १६७३ साली एक ठराव केला होता. आपल्या माणसांनी लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती जपायच्या, आणि आपल्याविरुद्ध लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाचीही एक प्रत जपायची. त्यातून उभं राहिलेलं ग्रंथालय आजही आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने असं एक दालन करावं, अशी माझी मागणी आहे. त्यात ‘वैदिक आदर्श’चे अंक हवेत आणि निजाम सरकारची प्रकाशनंही हवीत. उदगीर-निलंग्याच्या घरांतल्या आर्य पुस्तिकांशेजारी दीनदारांच्या उर्दू पुस्तिका ठेवाव्यात, आणि २०१७च्या मोर्चात वाटलेली दोन्ही मतांची पत्रकंही. उर्दू वाचू शकणारी त्या पिढीची माणसं आता फार थोडी उरली आहेत; सुरुवात त्यांच्यापासून, त्यांच्या घरच्या पेट्यांपासून करावी लागेल.